पणजीने अंगठा दिला तो कागद

मंडळी, आज दुपारी नागावला आईच्या माहेरी पणजीचं साठच्या दशकातलं मृत्युपत्र वाचलं. खाली तिचा अंगठा आहे.

तेव्हा पणजी अंथरुणाला खिळली होती. तिची विधवा सून, म्हणजे माझी आजी, तिचं सगळं करायची. पणजीचे मुंबईतले दोन मुलगे मात्र आजीला माहेरी धाडायला निघाले होते. पणजीने वकिलाला घरी बोलावून सांगितलं, "माझ्या नावची वाडी सुनेची. मला अग्नीही तीच देल."

"आई, लोक काय म्हणतील?" थोरला म्हणाला.

"लोक माझं अंथरूण धुवाया येत न्हाय. ती धुते."

पणजी गेली तेव्हा आजीनेच अग्नी दिला. दोन्ही दीर मागे हात जोडून उभे होते, असं आई सांगते.

इतकं स्पष्ट मला अजून घरात बोलता आलेलं नाही. तुम्ही बोललात?