छातीवरचं पाकीट

“राहू दे की तो प्रसाद. तिला काय कळतंय, इंग्लिश शाळेतली पोर ती.”

आत्या हे मला नाही, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला सांगत होती. बेळगावच्या हॉस्पिटलच्या दारात बाबा स्ट्रेचरवर होते. त्यांच्या छातीवरच्या पट्ट्याखाली तिने चुरमुऱ्यांच्या प्रसादाचं पाकीट खोचलं होतं आणि मी ते काढायला हात पुढे केला होता. मी हात मागे घेतला. राग आला की माझा आवाजच जातो, लहानपणापासून.

आत्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बसवताना बाबा पडले होते. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली. छातीत नळी घातली, तरी एका कोपऱ्यात थोडी हवा अडकून राहिली आणि वर ताप चढला. बेंगळुरूला मोठं ऑपरेशन करायचं ठरलं, म्हणून एअर ॲम्ब्युलन्स. आई इकडे बेंगळुरूत, हेब्बाळच्या हॉस्पिटलमध्ये वाट बघत होती. त्या सगळ्या दिवसांत प्रत्येक जण मला एकच सांगत होता, दत्तगुरूंवर सोड. मला ते शब्द ऐकूनच चीड यायची. बाबा रोज पहाटे आंघोळ करून दत्ताची पूजा करणारे. त्यांनाच पाडलंत, आणि वर तुमच्यावरच सोडायचं? हे मी कुणाला बोलले नाही. देवघरासमोर उभी राहायचे, हात न जोडता.

विमानात जागा इतकी कमी की माझे गुडघे स्ट्रेचरला टेकत होते. बरोबरचे डॉक्टर धारवाडकडचे, तरुण, बोलताना कन्नड आणि मराठी एकत्र करणारे. त्यांनी मला समजावलं, “वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, मग छातीत अडकलेली हवा फुगते. म्हणून आपण खालूनच जाणार. केबिनमधला दाब बेळगावात जमिनीवर होता तेवढाच ठेवायचा. पायलटला सांगितलंय. सरी? ठीक आहे ना?” मी मान हलवली. ते पाकिटाकडे बघून हसले. “हे कोणी, आत्याबाईंनी? राहू दे, अक्का. वजन काय त्याचं.”

म्हणजे तेही आत्याच्याच बाजूचे. मी सगळा वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिले, भक्तीने नाही, रागाने. आत्याकडे प्रसाद मऊ पडू नये म्हणून प्लास्टिकचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवतात. चिकटवलेली कड काळी झाली होती. बाबांचा श्वास नीट चालत नाही आणि त्यांच्या छातीवर चुरमुरे, हेच माझ्या डोक्यात घुमत होतं.

मग मॉनिटर वाजायला लागला. बाबांचा ऑक्सिजन उतरत होता. डॉक्टरांनी नळी तपासली, वळली आहे का बघितलं, ऑक्सिजन वाढवला. आकडा उतरतच राहिला. बाबांचे ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टर नळीवर वाकलेले आणि मी, काय करावं कळत नसल्यामुळे, पुन्हा त्या पाकिटाकडे बघितलं. निघताना ते सुरकुतलेलं, चपटं होतं. आता चेंडूसारखं टणक फुगलं होतं. चुरमुरे आत सुटे खुळखुळत होते.

ते फुगायला नको होतं. दाब जमिनीइतका असेल तर ते जसंच्या तसं राहायला हवं होतं.

मला बोलता आलं नाही. मी डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात ओढून त्या पाकिटावर ठेवला. ते आधी चिडले. “काय करतेस?” मग त्यांची बोटं थांबली. त्यांनी हेडफोनवर पायलटला हाक मारली. केबिनमधली हवा कुठून तरी हळूहळू निसटत होती. धोक्याची घंटा वाजण्याइतकी नाही, पण बाबांसाठी पुरेशी. विमान खाली झुकलं, माझे कान दुखले. डॉक्टरांनी बाबांच्या बरगड्यांमध्ये एक जाड सुई घातली. फुस्स असा बारीक आवाज मी ऐकला. आकडा थांबला, मग चढू लागला. पाकीट पुन्हा सैल पडलं. मी डॉक्टरांचं मनगट पुन्हा धरलं आणि विमानतळाजवळची देवनहळ्ळीची शेतं खिडकीत दिसेपर्यंत सोडलं नाही. त्यांनीही सोडवून घेतलं नाही.

हॉस्पिटलात पोचल्यावर, झालेलं कळताच आत्याचा फोन आला. “बघितलंस? दत्तमहाराजांनी सांभाळलं.” मला म्हणायचं होतं, डॉक्टरांनी सांभाळलं. पण त्या पाकिटावर माझी नजर होती ती रागामुळे. मनात भक्ती असती तर मी डोळे मिटून जप करत बसले असते. माझ्याकडे देवाला द्यायला त्या दिवशी फक्त राग होता. त्याने तोच घेतला आणि वापरला, एवढंच मला वाटतं. मी कुणाला पटवून देणार नाही. देवावर सोडणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होते. आता वाटतं, जे असेल ते त्याच्या पुढ्यात ठेवणं, कडू असलं तरी. बाबांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी आत्याची टाकी बसली का ते विचारलं. त्या संध्याकाळी मी हात जोडले. राग तेव्हाही होता.

दुसऱ्या दिवशी विमान कंपनीचा माणूस भेटायला आला. पुण्याचा, गोड बोलणारा. आईला म्हणाला, “काकू, मशीन आहे, थोडंफार होतं. दाराचं रबर जुनं झालंय, तिथून हवा गेली, बघू सवडीने. आज दुपारी लगेच दुसरा पेशंट आणायचाय. ही घाबरली असेल ना?” आई मान हलवू लागली. मला नेहमीसारखा राग आला. मी बाबांकडे बघितलं. त्यांची छाती वर-खाली होत होती, शांतपणे. मग मी उठून त्या माणसासमोर उभी राहिले.

“माझ्या बाबांना देवाने वाचवलं. त्या पेशंटच्या वेळी त्याला कामाला लावू नका. आधी रबर बदला, मग विमान उडवा. तोवर मी तुमच्या ऑफिसात येऊन बसते.”