टोबॅगोचे प्रस्थान

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहायला बसलो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतः मात्र साधे खुशालीचे पत्रही आधी कच्चे लिहून मग पक्के करणारा माणूस. या सदरातले वाचकांचे अनुभव काही वर्षे नियमाने वाचतो. त्यांच्यासारखी मांडणी मला साधणार नाही... तरीही हे कोणाला तरी सांगितल्यावाचून राहू नये असे अलीकडे वाटू लागले, म्हणून हे धाडस.

दुसरे असे, की अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी भूगोलाचा शिक्षक. वर्गात कोणी सिद्धगडाच्या रानातल्या चकव्याची गोष्ट काढली, की मी फळ्यावर डोंगराचा उतार काढून दाखवीत असे आणि वाट चुकलेला माणूस गोल गोल का फिरतो ते समजावीत असे. मुले हसत. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

साठ साल उलटून एक-दोन वर्षे झाली होती. मुरबाडला नोकरी. बिऱ्हाड गावाच्या टोकाला, टोकावड्याच्या रस्त्यालगत, दोन खोल्यांचे. घरमालकीण भागीकाकू आमच्या पश्चिमेला राहत. मध्ये फक्त अंगण. माझी पत्नी कुसुम शहापूरजवळच्या सापगावची. त्या वर्षी माघात आम्हाला मुलगी झाली. ती रडली नाही. मी आणि काकूंचे दीर तिला नदीकाठी पुरून आलो. कुसुमला तिचे तोंडही दाखवले नव्हते; दाखवू नये, असे घरातल्या मोठ्या बायकांनी ठरवले होते, आणि मी मान हलवली होती.

त्यानंतर कुसुम बोलेनाशी झाली. रडणेही नाही. स्वयंपाक होई, पाणी भरले जाई. मी काही विचारले तर ती मान हलवी. मलाही फारसे बोलता येत नसे. असे अडीच महिने गेले.

चैत्रात शाळेसाठी मुंबईहून नकाशे आले. त्यांच्या गुंडाळीभोवती रद्दीतली एक रंगीत पुस्तिका होती, कुठल्याशा जहाज कंपनीची. वेस्ट इंडीजमधल्या टोबॅगो नावाच्या बेटाची जाहिरात. पांढरी वाळू, नारळी, आणि लांबट खुर्च्यांवर आडवी झालेली माणसे. टाकवेना, म्हणून मी ती घरी आणली. संध्याकाळी कुसुमने ती उचलली.

“इथे लोक काय करतात?”

मी दचकलोच. म्हणालो, “काही नाही. पडून राहतात.”

“किती दिवस?”

“पंधरा दिवस, असे लिहिले आहे.”

“पंधरा दिवस... काहीच न करता?” आणि थोड्या वेळाने, “आपण जाऊ या?”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? तिचा आवाज ऐकून इतके दिवस झाले होते, की ती चंद्रावर जाऊ म्हणाली असती तरी मी हो म्हणालो असतो.

मग रोज संध्याकाळी आम्ही जाण्याचे ठरवीत असू. मी शाळेचा अ‍ॅटलास आणला. मुरबाड ते कल्याण एस.टी., पुढे मुंबई, तिथून बोट – एडन, सुवेझ, इंग्लंड. तिथे बोट बदलायची आणि पश्चिमेला. सगळे मिळून पाच आठवडे. कुसुमने बरोबर न्यायच्या जिनसांची यादी केली. त्यात मेतकूट होते, दोन छत्र्या होत्या. उन्हाळ्याचे पोह्याचे पापड तिने त्या वर्षी जास्त घातले, बोटीवर लागतील म्हणून.

पापड वाळत घालताना भागीकाकूंनी तिला गाठले. मी ओटीवर पेपर तपासत होतो.

“देवाला चालल्यात का गो?”

“नाही, काकू.”

“लगीन हाय कुनाचं?”

“नाही.”

“मंग मयत?”

“नाही हो! नुसते समुद्राकाठी पडून राहायचे.”

“पडून ऱ्हायला बोटीत बसून जायाचं? आमचं म्हातारं धा वर्सं वटीवर पडून हाय, त्याला बोट नाय लागली!”

कुसुम हसली. पापड हातात धरून, वाकून, चांगली हसली. मी पेपरवर मान खाली घातली, कारण माझे डोळे भरून आले होते.

शाळेतही बातमी पोहोचली. आमचे हेडक्लार्क म्हणाले, “मास्तर, माळशेज चढताना एस.टी.त तुम्ही डोळे मिटून बसता, आणि म्हणे वेस्ट इंडीज! तिथल्या फास्ट बोलरला आमचा नमस्कार सांगा.” मी नेहमीप्रमाणे नुसते हसलो.

ज्येष्ठ संपत आला. शाळा उघडायची वेळ झाली. काकूंनी एके सकाळी मलाच विचारले, “मास्तर, जायाचं नक्की कवा?”

“बघू, दिवाळीनंतर,” मी म्हणालो. लहान मुलाला सांगावे तसे.

“मंग परस्थान ठिवून द्या. आजचा दिस चांगला हाय. उद्यापास्नं नाय.”

ही रीत हल्लीच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. चांगल्या मुहूर्तावर निघणे जमत नसेल, तर त्या दिवशी आपले एखादे वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, नारळ असे गाठोड्यात बांधून प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. म्हणजे आपण निघालो असे धरतात. पुढे सवडीने ते उचलून मार्गाला लागायचे. काकूंनी बजावले, “उचलायचं ते फुडं जायालाच. मागारी घरात आनायचं नाय.”

कुसुमने आपल्या लग्नातला खण काढला. तांदूळ बांधले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुमचे उपरणे द्या ना.”

मला लाज वाटली. शिकलेला माणूस मी. हेडक्लार्कला कळले तर काय म्हणतील... “माझे राहू दे,” मी म्हणालो. “तुझे ठेव म्हणजे झाले.”

तिने एकदा पाहिले आणि गाठ मारली. गाठोडे अंगण ओलांडून काकूंच्या फळीवर गेले.

पाच-सहा दिवसांनी ती सकाळी उठेना. नेहमी सहाला उठणारी, ती साडेआठला उठली. थकवा असेल असे वाटले. पण पुढे नऊ झाले, दहा झाले. रात्रीचा डोळा लागणेही तितकेच पुढे सरकू लागले. साडेअकरापाशी ते तीन-चार दिवस थांबले, मग पुन्हा पुढे. सवयीने मी जुन्या हजेरीपटाच्या पाठीमागे वेळा टिपत होतो. एका दुपारी तास रिकामा होता, तेव्हा तो कागद समोर धरून सहज पृथ्वीगोल फिरवला.

पश्चिमेला जाणाऱ्याचे घड्याळ मागे पडते; अंशाला चार मिनिटे. हे मी दर वर्षी नववीला शिकवीत असे. कुसुमला कधीच सांगितले नव्हते. साडेआठ म्हणजे एडनची सकाळ. साडेअकरा म्हणजे इंग्लंडची. पाच आठवडे पुरे होताना कुसुम दुपारी साडेतीनला उठू लागली आणि तिथेच स्थिर झाली. टोबॅगोत तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात.

मी गोल कपाटात ठेवला आणि वर्गावर गेलो. त्या तासाला काय शिकवले ते आठवत नाही.

ती आजारी दिसत नव्हती, हेही लिहिले पाहिजे. चेहऱ्यावर तेज आले होते. हाक मारली की ओ यायला मात्र वेळ लागे. मी विचारायचो, “चहा घेतेस?” आणि मी कपात चहा ओतून, तो पिऊन कप खाली ठेवला, की ती म्हणायची, “घेते की.” रात्री मी निजल्यावर ती जागी असे, सकाळी मला भांडी घासून पालथी घातलेली दिसत आणि ती झोपलेली.

श्रावणात तिच्या नाकाची आणि खांद्यांची कातडी सोलायला लागली. बाजाराच्या दिवशी कल्याणहून डॉक्टर येत. त्यांनी पाहिले.

“मास्तर, बाईंना लावणीला पाठवता की काय? उन्हाने भाजलंय हे.”

“डॉक्टर, गेल्या अकरा दिवसांत ऊन कुठे आहे?”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. रस्त्यापलीकडची आंब्याची झाडेसुद्धा पावसात दिसत नव्हती. मग त्यांनी मलम लिहून दिले. जाताना म्हणाले, “बाकी तब्येत उत्तम. वजन वाढलंय. इतकं छान मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.”

त्यानंतर एकदा मी शाळेतून लवकर परतलो. तीन वाजले असतील. कुसुम झोपेत हसत होती. मग अगदी स्पष्ट म्हणाली, “पुढे नको जाऊस गो... लाट आहे. ये, माझा हात धर.”

मी चौकटीत उभा होतो. ती कोणाशी बोलत होती हे मला कळले. मी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि काकूंकडे गेलो.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “त्यात तुमचं काय ठिवलंय?”

“काही नाही.”

“मंग एकलीच धाडली की तिला!” त्यांनी फळीवरच्या गाठोड्याकडे पाहिले. “आता असं करा, मास्तर. तुमचं उपरनं त्यात घाला, नि जा तिच्या मागं.”

“आणि नाही घातले तर?”

“तर गाठोडं घरी आना. ती यील. पन खुशीनं नाय यायाची. माझी सासू सांगायची हां असं... करून कुनी बगितलंय?”

त्या रात्री मी उपरणे काढून मांडीवर घेतले होते. तेही खोटे का सांगू, घडी मोडून पुन्हा घातली. मला भीती वाटली. सहामाही तोंडावर होती, गावी आईवडील होते, आणि तिथे गेल्यावर मी दुपारी साडेतीनला उठणारा मास्तर झालो तर नोकरीचे काय, असाही विचार आला. हसू येईल आपल्याला. शिवाय खोल कुठेतरी हेही होते, की ते झोपेतले हसणे माझ्यासाठी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आलो. काकूंच्या फळीवरून गाठोडे उचलले, अंगण ओलांडले आणि ते स्वयंपाकघरात सोडले. तांदूळ, सुपारी, नारळ, खण. खण दमट होता. पण श्रावणात मुरबाडला काय दमट नसते?

आतून हालचाल ऐकू आली. कुसुम उठून बसली होती. सव्वा वाजला होता. तिने माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. हाकेला उशीर लावणारी ती, त्या दिवशी माझ्या आधी बोलली.

“ती एकटीच राहिली हो तिथे.”

एवढेच. मग उठली, केस बांधले, स्टोव्ह पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठली. जायला पाच आठवडे लागले होते. यायला एक दुपार पुरली. याचे गणित मला आजही मांडता आलेले नाही. आठवड्याभरात खांद्यांवर नवी कातडी आली. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, मलम चांगले होते.

पुढे आम्हाला दोन मुलगे झाले. माझ्या बदल्या झाल्या, शहापूरला घर बांधले. कुसुमने संसार नीट केला. कोणी नाव ठेवावे असे काही केले नाही. मला उलट उत्तर दिले नाही. कुठे जाऊ या का, असे मी पुढे अनेकदा विचारले – महाबळेश्वर, गणपतीपुळे. ती म्हणायची, “तुम्ही जाऊन या.” त्या बेटाविषयी ती पुन्हा एक शब्द बोलली नाही, आणि मीही विचारले नाही. मुलांना यातले काही माहीत नाही.

तिला जाऊन तीन वर्षे झाली. जे घडले त्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि या वयात होईल असेही वाटत नाही. उलगडा मागण्यासाठी हे लिहिलेलेही नाही. आपण वाचक अनुभवी आहात, संसारी आहात, म्हणून एकच विचारतो: मी तिला तिथेच राहू द्यायला हवे होते का?