झांझिबारची भाषा येणाऱ्या दोघी

ओमानमध्ये सोहारच्या उत्तरेला, समुद्र आणि खजुरीच्या बागा यांच्यामध्ये चाळीसेक घरांचं एक गाव आहे. नवरा पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर, मी सोहारच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. व्हॉट्सॲप नुकतंच सगळ्यांच्या फोनवर आलं होतं त्या काळात आम्ही तिथे साडेतीन वर्षं राहिलो.

गावात मशिदीत आणि शाळेत अरबी, किनाऱ्यावर जाळी ओढताना बलुची, किराणा दुकानात मल्याळम. माझ्याशी सगळे हिंदी बोलत. रत्नागिरीकडचे एक शिंपीचाचा होते, मराठी काय ती त्यांच्याशी.

शेजारच्या घरातली आजी झांझिबारला जन्मलेली, तरुणपणी ओमानला आलेली. घरात अरबीच बोलायची. एका हिवाळ्यात तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी वाचा परत आली, पण ती अरबी नव्हती. मुलाला वाटलं, आई भ्रमात बरळतेय. तो मस्कतला नोकरीला, शुक्रवार-शनिवारीच घरी. बाकी दिवस सगळं सुनेवर. ही सून बलुची.

मी रोज दुपारी व्यायाम द्यायला जाई. अरबीत म्हणे, हात उचला. आजी नुसती बघत राही. मग "माजी, माजी" म्हणे. सुनेनं उशी बदलली, खिडकी उघडली, पांघरूण काढलं. आजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी शिंपीचाचांना विचारलं.

"स्वाहिली असेल, बाय, झांझिबारची," ते म्हणाले. "ती आता गावात दोघींनाच येते. दुसरी मशिदीमागे राहते. पण ती त्या घरात पाऊल टाकायची नाही."

दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. एकीचा मुलगा, दुसरीची मुलगी, लग्न ठरलेलं. मुलानं ते मोडून या बलुची मुलीशी लग्न केलं. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद.

हे सुनेला सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. ती आजीचे कपडे घडी करत होती. सगळे घडी करून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मलाच जायला हवं. तू चल. मी एकटी गेले तर ती दार लावून घेईल."

दार त्या बाईंनी स्वतःच उघडलं. सुनेकडे पाहिलं, आत या म्हणाल्या नाहीत. सुनेनं सासूचं सगळं सांगितलं.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

"माजी म्हणते. मला कळत नाही."

"पाणी मागतेय," बाई म्हणाल्या आणि चपला शोधायला आत गेल्या.

त्यांना पाहून आजी बराच वेळ बोलत होती, जीभ अडखळत, मध्येच रडत. बाईंनी पलंगाच्या कडेला बसून तिला पाणी पाजलं. ती काय म्हणाली, असं मी विचारलं.

"इतके दिवस कुठे होतीस, म्हणते."

मग त्या रोज येऊ लागल्या. मी दाखवायची, त्या सांगायच्या, "इनुआ म्कोनो," हात उचल. थकली की आजी "बासी" म्हणे, म्हणजे पुरे. आपल्या 'बस'सारखंच, ते मला आपोआप कळलं. चार महिन्यांत ती वॉकर धरून अंगणात जाऊ लागली. उजवी मूठ मात्र शेवटपर्यंत नीट मिटली नाही. अरबी परतली ती तुकड्यातुकड्यानं. सून आपल्या मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत अरबी लिपीत स्वाहिली शब्द लिहून घेई. बाई तिच्या हातची कॉफी पीत, पण तिच्याशी थेट बोलत नसत. शब्दसुद्धा आजीला सांगितल्यासारखे करून सांगत.

नंतर आम्ही मस्कतला आलो. दुसऱ्या वर्षी रमजानच्या आधी आजी गेल्याचं सुनेनं फोनवर कळवलं. बाईंची चौकशी केली, तर म्हणाली, "अजून येतात. ती भाषा बोलायला त्यांना आता कुणी उरलं नाही. मी जमेल तेवढी बोलते. त्या चुका काढतात."