बाकावरचा ठोका

मी मराठी शिकवते, म्हणजे आमच्या शाळेच्या लेखी काहीच शिकवत नाही. मराठी काय, पोरांना येतंच, असं शिपायापासून संस्थेच्या चिटणिसांपर्यंत सगळ्यांचं मत. इंग्रजीच्या बाईंचा थाट वेगळा. पालक आधी त्यांना भेटतात, मग मुख्याध्यापकांना. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या आमच्या शाळेत हा मान कित्येक वर्षं मोहिनी गांगुर्डेकडे होता. मला त्याचा हेवा वाटायचा, उगाच कशाला लपवू? पण बाई होतीच तशी.

मोहिनी मूळची येवल्याची. वडील मल्हारी दुसऱ्याच्या मागावर पैठण्या विणायचे. ‘शीक, नाहीतर हा माग आहेच,’ एवढाच त्यांचा उपदेश. मागाच्या खटखटीत तिने पाठांतर केलं आणि तिची शिकवायची रीतही तिथूनच आली. इंग्रजी कवितेत जोर कुठल्या शब्दावर द्यायचा, हे ती फळ्यावर समजावत बसायची नाही. मुलांना बाकावर तळहाताने ठोका द्यायला लावायची. जोराचा शब्द आला की ठोका, हलका आला की हात वर. पुस्तकातल्या कविता पोरांना जड जातात म्हणून स्वतःच सहा-आठ ओळी रचायची. गोदाकाठच्या भाजीबाजारावर, कंपनीच्या भोंग्यावर, इगतपुरीच्या बोगद्यात शिरणाऱ्या गाडीवर. व्याकरणही त्याच ओळींतून. आज भोंगा वाजतो, काल वाजला, उद्या वाजेल. शेजारच्या वर्गात मी घसा फोडून शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडचे ठोके ऐकून माझीच पोरं पाय हलवायची. मी तक्रार केली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि ठोके चालूच ठेवले.

शुक्रवारी तिचा ऐकायचा तास असे. मुलांनी डोळे मिटायचे, बाईंनी इंग्रजी उतारा वाचायचा, मग त्यावर प्रश्न. ‘भाषा आधी कानात शिरते, मग तोंडात येते,’ हे तिचं पालुपद.

आणि त्याच बाईचे कान गेले. देवाला म्हणा, नशिबाला म्हणा, थट्टा करायला दुसरं कोणी सापडलं नाही.

एकदम गेले नाहीत. आधी ती मागून हाक मारली की वळेनाशी झाली. मग स्टाफरूममध्ये भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं दिसतील अशीच बसायला लागली. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा तिने पर्समधून कानाचं मशीन काढून दाखवलं. डॉक्टरांनी दिलेलं, पण घालायची नाही.

“घालत का नाहीस?”

“कानात मशीन घालून लिसनिंग कोण शिकवणार, देवरे? पोरं हसतील. आणि संस्था इंग्रजी काढून घेईल माझ्याकडून. ग्रंथालयात बसवतील पुस्तकांना कव्हरं घालायला. तू कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले नाही. तिच्याजवळून इंग्रजी गेलं तर तिच्याजवळ उरणार काय, हे मला दिसत होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. पण कान किती गेलेत, ते मलाही ठाऊक नव्हतं. कारण तिचं सगळं बिनबोभाट चाललं होतं. व्याकरण ती लेखी घ्यायची. ऐकायच्या परीक्षेत तर बाईंना ऐकावं लागतच नाही. वाचायचं बाईंनी, ऐकायचं पोरांनी.

राहता राहिली कविता म्हणण्याची तोंडी परीक्षा. तिथे आमच्या मुख्याध्यापकांच्या नियमाप्रमाणे दुसरा एक शिक्षक हजर लागतो. त्या वर्षी नववीच्या परीक्षेला मला बसवलं.

एकेक मुलगा पुढे येऊन पहिल्या बाकाशी उभा राहायचा, ठोके देत भोंग्याची कविता म्हणायचा. मोहिनी त्याच बाकावर आपला हात पसरून, त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली. मला वाटलं, काय तल्लीन होते ही. मार्क अगदी चोख देत होती. ज्याचा जोर चुकला त्याचे कापले, ज्याने घाई केली त्याला थांबवलं.

मग सृष्टीचं नाव आलं. ही मुलगी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर जिभेवर अडकलं की चेहरा लाल व्हायचा, म्हणून वर्गात तिने बोलणंच सोडलं होतं. माझ्या तासाला तर मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. इंग्रजीच्या तासाला मात्र तिचा हात सगळ्यांच्या आधी बाकावर पडायचा.

ती उभी राहिली. हात उचलला आणि पहिला ठोका दिला. पुढे सगळे ठोके जिथल्या तिथे. ओठही हलत होते. पण आवाज नव्हता. भीतीने तिचा आवाज फुटतच नव्हता आणि थांबायचंही धैर्य नव्हतं. वर्ग चिडीचूप. पूर्ण कविता तिने तशीच संपवली.

मोहिनीने मान डोलावली. “व्हेरी गुड! किती स्वच्छ आवाज! ऐकलंत ना रे सगळ्यांनी? असं म्हणायचं.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या बाकावरून रोहित फिस्सकन हसला आणि त्याच्या मागोमाग सगळा वर्ग. बाईंनी चेष्टा केली, असंच पोरांना वाटलं. सृष्टीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मोहिनीला पोरं हसताना दिसली, म्हणून तीही हसली.

तेव्हा मला कळलं, ती आवाज ऐकतच नव्हती. लाकडातून तळहाताला लागणाऱ्या ठोक्यांवर मार्क देत होती.

दुसऱ्या दिवसापासून सृष्टी शाळेत येईना. मी मोहिनीला स्टाफरूमच्या कोपऱ्यात गाठलं, तिला माझे ओठ दिसतील अशी समोर उभी राहून एकेक शब्द सुटा सुटा बोलले. “सृष्टी एक अक्षरसुद्धा बोलली नाही. तू तिला चांगल्या आवाजाची म्हणालीस. पोरं त्याला हसली.”

तिने मला ते पुन्हा बोलायला लावलं. मग खुर्चीत बसली. “आणि मी पण हसले,” म्हणाली.

“ती शाळा सोडायला निघालीय.”

तिने पर्समधून मशीन काढलं, कानात घातलं, काढलं. इतके दिवस पडून पडून त्याची बॅटरी संपली होती. मला रागच आला. मनात म्हटलं, जन्मभर पोरांचे कान धरलेस, स्वतःच्या कानांची ही काळजी! पण तिचं तोंड बघून मी राग गिळला.

“तिच्या घरी चल,” ती म्हणाली. “तिला एकटीला खरं सांगते. ती नाही सांगणार कुणाला.”

सृष्टीचं घर आमच्या शाळेमागच्याच गल्लीत. गल्ली म्हणजे समोरासमोर दारं, मधे एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी जागा. तिची आई फुलाबाई द्राक्षांच्या पॅकिंगच्या कामावरून नुकतीच आली होती. आम्हाला बघून उठलीही नाही.

“पोरगी म्हणती, म्याडमनी चारचौघांत चेष्टा केली. जेवत नाय, बोलत नाय. आधीच तिचं बोलणं तसं, त्यात तुम्ही अजून लाज काढली. आता काय करायला आल्या?”

मोहिनीला यातलं किती कळलं कोण जाणे. तिचं लक्ष आतल्या पडद्याकडे होतं. पडद्याखाली सृष्टीचे पाय दिसत होते. ती पडद्याजवळ गेली, वाकली, आणि गुपित सांगावं तशी बोलली.

म्हणजे तिला वाटलं, गुपित सांगतेय. स्वतःचाच आवाज कानावर येत नसेल तर माणसाला अंदाज कसा यायचा? ती ओरडली.

“सृष्टी, मी चेष्टा नाही केली! मला ऐकू येत नाही बाळा! मला तुम्हा कुणाचाच आवाज येत नाही!”

समोरचं दार उघडलं. शेजारचं उघडलं. नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. समोरचं दार रोहितचं होतं. तो आणि त्याची आई उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी मोहिनीचा दंड दाबला, हळू बोल म्हणून खूण केली. ती माझ्याकडे वळलीच नाही.

“तुझा हात एकदाही चुकला नाही! मी हातालाच मार्क दिले! बाकी काही मला कळलं नाही! चूक माझी आहे, तुझी नाही!”

पडदा सरकला. सृष्टी बाहेर आली. तिने मोहिनीकडे बघितलं, मग दारांत गोळा झालेल्या माणसांकडे, रोहितकडे. तिचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ती बोलली.

“म... म... मॅडम, ह... हळू बोला. स... सगळे ऐकतायत.”

फुलाबाईने तोंडाला पदर लावला. चारचौघांसमोर तिची पोरगी किती दिवसांनी बोलली होती, ते तिलाच माहीत. कुणी हसलं नाही.

मोहिनी माझ्याकडे वळली. त्या अडखळत्या ओठांवरून तिला काहीच वाचता आलं नव्हतं. “काय म्हणाली गं? बोलली ना ती? काय म्हणाली?”

मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं. “हळू बोल म्हणाली. सगळे ऐकतायत.”

तेव्हा तिने प्रथमच मागे वळून गल्ली बघितली. उघडी दारं, बायका, रोहितची आई. काय झालं ते तिला कळलं. सोमवारपर्यंत ही बातमी शाळेत पोचणार, आणि मग इंग्रजी गेलं, हेही कळलं. तिचा हात पर्सवर घट्ट झाला.

मग तिने सृष्टीचा हात हातात घेतला आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, “ऐकू देत. तू बोललीस ना!”