टाच न टेकता

राजश्री सोनकांबळे आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. जूनमध्ये नेमणूक मिळायची, एप्रिलमध्ये संपायची. त्यांचे वडील श्रीपती उदगीरकडून काशीगावात आले ते हायवेलगतच्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. लेकीच्या टेबलावर नावाची पाटी बघायची त्यांना फार हौस. टेबलं मात्र कायम नेमणुकीच्या शिक्षकांनाच होती. मॅडम खिडकीशी बसून मांडीवर वह्या तपासत. मी त्यांची विद्यार्थिनी, एम.ए. झाल्यावर त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, म्हणून पुढचं सगळं पाहिलं.

विद्यापीठाने सर्व शाखांच्या मुलांना असणारे सामायिक पेपर बदलायला काढले. मॅडम शिकवत तो फाउंडेशन कोर्स बंद होणार होता. त्या जागी प्रत्येक कॉलेजने आपल्या परिसरावर एक पेपर तयार करून पाठवायचा होता. पेपर नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर नेमणूक नाही.

"तुम्हीच लिहा," विभागप्रमुख धर्मेश पाटील म्हणाले. "मंजूर झाला तर तुमचाच पेपर. तीन तुकड्या, चार-चार तास. झाले की बारा!"

मॅडमनी विषय घेतला मिठागरांचा.

"मॅडम, तुम्ही उदगीरच्या. तिकडे प्यायला पाणी नाही, मीठ कुठून आणणार?" सर हसले. विभागही हसला.

"म्हणून तर विचारायला जाते सर. तुमच्या घरची मिठागरं होती, तुम्हाला विचारायची गरज पडली नाही."

पूर्ण हिवाळा त्या दर रविवारी राई गावच्या मिठागरांवर जात राहिल्या. तिथे रंभाबाई होत्या. त्यांचं सारं आयुष्य मीठ ओढण्यात गेलं होतं. मिठागराच्या वाफ्याचा तळ हंगामाआधी पायांनी तुडवून घट्ट करतात. त्यावर टाच टेकली की तळ फुटतो, मिठात चिखल येतो. पहिल्याच दिवशी मॅडमची टाच टेकली.

"टाच न्हाय बाय, पंजा!" रंभाबाई ओरडल्या. "तुझं कालेज हाय का ह्ये, टाका पाय कुटं बी?"

महिनाभराने मॅडम वाफ्यात नीट चालू लागल्या. मग त्यांनी ठरवलं, अर्धा पेपर वर्गात आणि अर्धा वाफ्यात शिकवायचा. 'विद्यार्थ्याला काय येईल' या रकान्यात सगळे 'जाणीव विकसित होईल' असं लिहितात. मॅडमनी लिहिलं, 'विद्यार्थी तळ न फोडता वाफ्यात चालेल.'

धर्मेश सरांनी तो मसुदा शांतपणे वाचला. शेवटच्या पानामागे पेन्सिलीने काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "आता एक अक्षर बदलू नका."

मे महिन्यात पेपर मंजूर झाला. मॅडमनी काशीगावात पेढे वाटले. वडिलांनी पाटी करायला टाकली.

जूनमध्ये तासांचा तक्ता लागला. त्यात मॅडमचं नाव नव्हतं.

"सर, माझ्या पेपरला नऊ तास कसे? मी बारा दिले होते."

"त्यातले सहा प्रात्यक्षिकाचे ना? प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे मोजायला एक. तुम्हाला माहीत नव्हतं?"

फाउंडेशन कोर्सला प्रात्यक्षिक कधी नव्हतंच. अकरा वर्षांत या नियमाशी त्यांचा संबंध आला नव्हता.

"वेगळी नेमणूक करायला निदान दहा लागतात," सर म्हणाले. "नऊ असले की कायम शिक्षकांत वाटून टाकायचे. माझेच पाच कमी पडत होते. तुमच्यामुळे भागलं बघा."

"तुम्ही त्या दिवशी पेन्सिलीने काय मांडत होता?"

"हेच."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत मॅडम."

मॅडम बेव्हर्ली पार्कमधल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना पास होण्यापुरतं मराठी शिकवू लागल्या. पाटी तयार होऊन आली होती. वडिलांनी ती भिंतीकडे तोंड करून कपाटावर ठेवली.

फेब्रुवारीत, प्रात्यक्षिकाच्या वेळी, सरांचा मॅडमना फोन आला. रंभाबाई अडून बसल्या होत्या, मॅडम आल्याशिवाय कुणाला वाफ्यात उतरू देणार नव्हत्या. मॅडमनी क्लासमधून अर्धा दिवस मागून घेतला. मला कॉलेजने फोटो काढायला नेलं होतं.

"ह्या तुमच्या मॅडम," रंभाबाईंनी मुलांना सांगितलं.

"आता नाहीत हो," सरांनी लगेच दुरुस्ती केली आणि बूट घालूनच वाफ्यात पाऊल टाकलं. तळ फुटला. पांढऱ्या पाण्यात काळा चिखल वर आला.

"पाटलाचा पोर हायस ना रं?" रंभाबाई म्हणाल्या. "जा वर!"

मुलं खोखो हसली. सरही हसत बांधावर आले. त्यांना काय, त्यांचे तास भरले होते.

मग मॅडमनी चपला काढल्या. त्या पुढे, मागे साठ मुलं. घाबरत, एकमेकांचे खांदे धरत सगळी पंज्यांवर चालली. तळ कुठेच फुटला नाही. रकान्यात लिहिलेलं तसंच्या तसं घडत होतं. मी फोटो काढत राहिले.

निघताना सरांनी हजेरीचा कागद फिरवला. मुलांच्या सह्या झाल्यावर तो मॅडमपुढे धरला.

"तुम्हीही करा. हजर होतात ना!"

वर 'शिक्षक' या शब्दापुढे सरांची सही होती. मॅडमचे पाय अजून ओले होते. त्यांनी पेन घेतलं, एकसष्टावा क्रमांक घातला आणि पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं.