आधीच दिलेल्या शुभेच्छा

वेर्नर गेल्याचा निरोप मला पुण्यात मिळाला, मावसभावाच्या लग्नात, जेवणाच्या रांगेत. त्यांच्या बायकोचा, हेल्गांचा, मेसेज होता : "काल सकाळी, झोपेतच. तुला कळायला हवं म्हणून." त्यांचा सत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता... आणि त्याच्या शुभेच्छा मी जर्मनीहून निघण्यापूर्वीच देऊन बसलो होतो.

बॉबलिंगेनला नोकरीला आलो तेव्हा मला बर्फ माहीत होता तो फ्रीजमधला. लेकीला स्कीइंगच्या क्लासला नेलं, तर तिथले शिक्षक असलेल्या वेर्नरनी तिच्याआधी माझ्याच पायांत स्की चढवल्या. "आल्झो, हं तर, आधी पडायला शीक," म्हणाले आणि सबंध शनिवार मला नुसतं पाडलं. चौतिसाव्या वर्षी, पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत! पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या मागे लागून शिकलो. उतारावरून ते नेहमी सगळ्यांत शेवटी यायचे, पडलेल्यांना उचलत. माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यात मी तोंड लपवून घरात बसलो, तर हा माणूस थेट दारात हजर. "गाडीत बस. नोकरी सोमवारी शोध." इतक्या हक्काने मला वडीलही कधी रागावले नव्हते.

म्हणूनच निघण्याआधी पेढ्यांचा डबा घेऊन गेलो, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "वाढदिवसाला मी इथे नसेन, तेव्हा आजच शुभेच्छा!" वेर्नर खो खो हसले. हेल्गांचा चेहरा मात्र उतरला. जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देत नाहीत, अपशकुन मानतात. ऑफिसात कुणीतरी हे एकदा सांगितलंही होतं, मी ते हसण्यावारी नेलं होतं. मी इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी परतीच्या विमानात मन तेच तेच कुरतडत राहिलं.

आल्यावर त्यांच्या घरी गेलो आणि न राहवून विचारलंच, "हेल्गा, तुम्हाला माझा राग आला आहे का?"

"काहीतरीच काय! त्यांचं हृदय थकलं होतं," त्या म्हणाल्या. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबल्या... ते थांबणं मला अजून सलतं.

स्वयंपाकघरातल्या हीटरवर वेर्नरचे हातमोजे होते. दर शनिवारी आल्या आल्या ते वाळत ठेवायचे, तसेच, शेजारी शेजारी. केव्हाच वाळून कडक झालेले. उचलून आत ठेवावेत म्हणून मी हात पुढे केला.

"राहू दे," हेल्गा जरा जोरातच म्हणाल्या. "तू नको हात लावूस."