कॉलेज घरी आलं

आमच्याकडे दसऱ्याला विळा, खुरपं आणि भाजीचा तराजू पाटावर मांडून पुजतात. कोरोनाच्या वर्षी बाबांनी त्याच पंगतीत माझा नवा मोबाईल ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, वर आपट्याचं पान वाहिलं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष त्या मोबाईलवरच चाललं होतं. "कॉलेजच घरी आलं," असं ते आमच्या उंद्री गावभर सांगत हिंडले.

घरी आलेलं कॉलेज चुलीशेजारी भरायचं. तिकडे सर बोलत असायचे आणि इकडे आई माझ्यापुढे मेथीची जुडी टाकायची. "ऐकाचं तं कानानंच हाये ना? हात रिकामेच हायेत." कधी नव्हे तो मला फर्स्ट क्लास मिळाला आणि तिथंच माझा घात झाला.

कॉलेजं उघडली. मला चिखलीच्या माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन एम.ए. करायचं होतं. बाबांनी परस्पर घरबसल्या होणाऱ्या एम.ए.ला माझा प्रवेश घेऊन टाकला.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा कायले?" ते म्हणाले. "बसचे धक्के खात काऊन जाते? घरी शिकून तं पहिल्या वर्गात आली."

"मले तिथं बसाचं हाये, बाबा."

"घरी का बसाले जागा नाही?"

त्यांनी सगळं प्रेमानं केलेलं, त्यामुळे भांडताही येईना. शिवाय कॉलेजात काही सोनं लागलेलं नव्हतं. पंखे खडखडायचे, सर निम्मे दिवस यायचेच नाहीत. पण तास नसला की मी आणि माझी मैत्रीण वाचनालयाच्या बाकावर एकाच पुस्तकावरून तावातावानं वाद घालायचो, आणि बसलेल्या पोरीला तिथं कोणी "ऊठ, पाणी आण" म्हणत नसे. आमच्या घरात तसा एक कोपरा नाही. हे बाबांना कसं सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

यंदा एम.ए.चा शेवटचा पेपर दिला. केंद्र नेमकं तेच कॉलेज. पेपर संपला, सगळे निघून गेले, मी बाकावरच बसून राहिले. आता इथं यायला मला काहीच निमित्त उरलं नव्हतं. बाबा मोटारसायकल घेऊन फाटकाशी थांबले होते.

शिपाईकाका कुलूप घेऊन दारात आले.

"ऊठ वं माय, खोली बंद कराची हाये."

मी उठले.